लॉन मोअरची सेफ्टी केबल तुटली तर: जुगाड नको, केबल बदला

मेच्या शेवटी न्यू जर्सीत गवत कसं वाढतं ते इथे घर असलेल्यांना सांगायला नको, चार दिवस पाऊस आणि मग एक कडक ऊन पडलं की शनिवारपर्यंत घोट्याच्या वर. गेल्या वर्षी मेमोरियल डेच्या वीकेंडला मी गॅरेजमधून गवत कापायचा पेट्रोलचा मोअर बाहेर काढला, हँडलला लावून दाबून धरायची दांडी दाबली, इंजिन सुरू करायची दोरी ओढली तर दोरी येईचना. म्हणजे येत होती, पण विहिरीतून भरलेली घागर ओढावी तशी, आणि इंजिनाचा साधा फुर्र आवाजही नाही. चार-पाचदा ओढून खांदा दुखायला लागल्यावर लक्षात आलं की दांडी हाताला फारच हलकी लागतेय, एरवी तिला स्प्रिंगचा जो ताण असतो तो नाहीच. वाकून बघितलं तर दांडीपासून निघणारी काळी वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला आतली तार केरसुणीसारखी उसवलेली.

शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडून बघत होते, भले आहेत, नेहमी मदतीला येतात, त्यांनी लगेच सांगितलं की इंजिनाजवळ एक छोटा लिव्हर असतो तो तारेने ओढून बांधून टाक, माझा मोअर दोन वर्षं तसाच चालतोय. बाबा तेव्हा इचलकरंजीहून आले होते, त्यांनाही ते पटलं. "अगं करून टाक की, लुनाची वायर तुटली तर आपण नाही का तार गुंडाळून घरापर्यंत आणायचो." मी म्हणाले बाबा, आधी ही वायर नक्की काय करते ते बघू, मग ठरवू. आणि आम्ही दोघं ड्राइव्हवेवर बसून इंजिनाच्या कडेला टॉर्च मारून बघायला लागलो.

इथूनच सुरुवात करते, कारण ही वायर, म्हणजेच सेफ्टी केबल, काय करते हे एकदा कळलं की पुढचं सगळं काम सोपं आहे, आणि बांधाबांध का करायची नाही हेही वेगळं सांगावं लागत नाही.

दोरी जिथून निघते त्या गोल झाकणाखाली इंजिनाचं फ्लायव्हील असतं, एक जड चाक. त्याच्या कडेला एक ब्रेक पॅड आहे आणि एक दणकट स्प्रिंग त्या पॅडला कायम फ्लायव्हीलवर दाबून धरते. पॅड ज्या पत्र्यावर बसवलेला असतो त्याच पत्र्यावर एक छोटा खटका असतो, पॅड चाकाला टेकलेला असताना तो खटका इग्निशन कॉइलला इंजिनाच्या बॉडीवर अर्थ करून टाकतो, त्यामुळे स्पार्क प्लगला ठिणगीच मिळत नाही. म्हणजे मोअर नुसता उभा असतो तेव्हा ब्रेक लागलेला आणि करंट तोडलेला, दोन्ही. तुम्ही हँडलवरची दांडी दाबून धरता तेव्हा केबल शेजाऱ्यांनी सांगितलेला तो इंजिनाजवळचा लिव्हर स्प्रिंगच्या विरुद्ध ओढते, पॅड सुटतो, खटका उघडतो, आणि मग इंजिन चालू होऊ शकतं. दांडी सोडली की स्प्रिंग आपलं काम करते, पॅड चाकाला चिकटतो आणि पातं थांबतं.

लुनाची किंवा स्कूटरची ब्रेक वायर ब्रेक लावते, म्हणून ती तुटली की ब्रेक गेला. इथे उलटं आहे. इथे केबल ब्रेक सोडते, ब्रेक लावायचं काम स्प्रिंगचं. त्यामुळे केबल तुटली की ब्रेक लागलेलाच राहतो आणि मोअर सुरूच होत नाही. दोरी जड का येत होती त्याचं उत्तर हेच, मी ब्रेक लागलेलं चाक ओढत होते.

हे ऐकल्यावर बाबांना एकदम उलगडलं. त्यांची सगळी उमर मागावर गेलेली. "म्हणजे आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तसंच ना हे?" अगदी तसंच. धागा तुटल्यावर माग थांबला तर मागाचं काही बिघडलेलं नसतं, तो थांबायलाच पाहिजे. तारेने बांधायचा विषय आमच्याकडे त्यानंतर निघाला नाही.

अमेरिकेत हे असं असणं कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाहीये. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे ३० जून १९८२ पासून बनलेल्या प्रत्येक मागून ढकलायच्या, फिरत्या पात्याच्या मोअरवर असा कंट्रोल पाहिजे की माणसाचा हात सुटल्यावर ३ सेकंदांच्या आत पातं थांबेल. ३ सेकंदच का ते जरा हिशोब करून बघा. २१ इंची पातं, इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेरे, तर पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतंय. ओल्या उतारावर पाय घसरला, पोरगं चेंडूमागे धावत आलं, गवत बाहेर पडायचं तोंड चोंदलं म्हणून तुम्ही पुढे गेलात, या सगळ्या वेळी तुम्हाला आणि त्या पात्याला वेगळं ठेवणारी गोष्ट म्हणजे ही एक काळी वायर आणि ती स्प्रिंग. डेकवर, म्हणजे पातं झाकणाऱ्या कवचावर, हात कापला जातानाचं चित्र असलेलं स्टिकर असतं ना, ते उगीच नाही लावलेलं. त्यामुळे लिव्हर तारेने बांधणं, खटक्याची वायर कापणं, किंवा केबल चांगली असताना बोटं दुखतात म्हणून दांडी हँडलला झिप टायने आवळून ठेवणं, यातलं काहीही करू नका. शेजारच्यांनाही मी नंतर हेच सांगितलं, आणि त्यांची केबल मीच बसवून दिली.

आता तुमची केबल खरंच गेलीये का ते आधी बघा. दोरी जड येण्याची आणखीही कारणं असतात, पात्यात ओल्या गवताचा गोळा किंवा काठी अडकलेली असते, मोअर चुकीच्या बाजूला आडवा केल्यामुळे सिलिंडरमध्ये ऑइल गेलेलं असतं, नाहीतर इंजिनच जाम झालेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी स्पार्क प्लगची वायर उपटून बाजूला करा, प्लगवर काळी रबरी टोपी असते ती पिळत पिळत ओढली की निघते, आणि ती परत उडी मारून प्लगला चिकटणार नाही अशी लांब ठेवा. ही पायरी कुठल्याही परिस्थितीत गाळायची नाही, पुढचं सगळं काम ही टोपी बाहेर असतानाच करायचं. मग घरातल्या कोणाला तरी दांडी दाबायला आणि सोडायला सांगा आणि तुम्ही इंजिनाजवळ केबल जिथे जाते तिथे नजर ठेवा, हात लावू नका. दांडी दाबल्यावर तिथला लिव्हर पूर्ण हलला आणि सोडल्यावर ठणकन परत आला तर केबल ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. हललाच नाही तर केबल तुटलीये किंवा टोकाचा आकडा, म्हणजे हुक, निसटलाय. अर्धवट हलतोय तर केबल ताणली गेलीये किंवा बाहेरची नळी कुठेतरी फाटून सरकतेय, आणि हा प्रकार जास्त फसवा असतो कारण मोअर कधी सुरू होतो कधी नाही, किंवा सुरू होऊनही दमल्यासारखा चालतो, पॅड चाकाला घासत राहिलेला असतो ना.

हे तपासताना भलतीच केबल हातात घेऊ नका. आपोआप पुढे जाणारा मोअर असेल तर हँडलवरून दोन केबल निघतात, काहींवर रेसची तिसरी. चाकांकडे, गिअरबॉक्सकडे जाते ती ड्राइव्हची, ती तुटली तर इंजिन मस्त चालतं फक्त ढकलावं लागतं. सेफ्टीची केबल इंजिनाकडे जाते. टोकापर्यंत बोट फिरवत जायचं म्हणजे घोळ होत नाही.

एक अपवाद. काही महागड्या मोअरमध्ये, होंडाच्या काही मॉडेलमध्ये त्याला रोटो-स्टॉप म्हणतात, दांडी सोडली तरी इंजिन चालू राहतं आणि फक्त पातं थांबतं, म्हणजे गवताची बॅग रिकामी करून येईपर्यंत पुन्हा दोरी ओढायला नको. तिथे केबल फ्लायव्हीलच्या ब्रेककडे जात नाही, खाली पात्याच्या क्लचकडे जाते. तुमचा मोअर असा असेल तर पुढचं इंजिनाजवळचं वर्णन तुम्हाला लागू नाही. तो मोअर उलथा करून क्लचपाशी काम करावं लागतं आणि केबलचा ताणही मॅन्युअल बघून जुळवावा लागतो, ते सवय नसेल तर सरळ दुकानात द्या.

केबल मागवणं हा या सगळ्यातला खरा किचकट भाग आहे, बसवणं त्यामानाने काहीच नाही. माझी पहिली खेप इथेच वाया गेली. मी टेपने जुनी केबल मोजली, साधारण तेवढ्याच लांबीची कुठल्याही मोअरला चालणारी म्हणून विकतात ती मागवली, आणि बसवल्यावर दांडी पूर्ण दाबूनही पॅड चाकापासून सुटेना. कारण मोजमाप एक नसतं, दोन असतात. बाहेरच्या नळीची लांबी वेगळी आणि आतल्या तारेची वेगळी, आणि काम असतं त्या दोन्हींमधल्या फरकाचं. आतली तार जरा जास्त लांब असली तर ढिली राहते, पॅड सुटत नाही, मोअर सुरू होत नाही, त्यात धोका तरी नाही. पण तार आखूड असली तर दांडी सोडल्यावरही पॅड चाकावर नीट दाबत नाही, म्हणजे मोअर छान सुरू होतो आणि थांबायला वेळ लावतो. ही चूक दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. बहुतेक सेफ्टी केबलना स्कूटरच्या क्लच वायरसारखा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू नसतो, लांबी चुकली म्हणजे केबलच चुकली.

तेव्हा मॉडेल नंबर बघूनच घ्या. आणि इथे अजून एक गल्लत होते, इंजिनाचा नंबर वेगळा आणि मोअरचा वेगळा. इंजिनाच्या झाकणावर ठोकलेला किंवा चिकटवलेला असतो तो इंजिनाचा, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन पाच-सहा कंपन्यांच्या मोअरवर सापडेल. केबल मोअर बनवणाऱ्या कंपनीची असते. मोअरचा नंबर सहसा डेकच्या मागच्या बाजूला, गवत उडू नये म्हणून जो रबरी पडदा असतो त्याच्या जवळपास, किंवा मागच्या दाराखाली एका छोट्या स्टिकरवर असतो. ते स्टिकर चिखलाने आणि पेट्रोलने पुसट झालेलं असतं, ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि फोनने फोटो काढून झूम करून वाचा, नखाने खरवडू नका, उरलंसुरलं पण जाईल. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की सुट्या भागांची चित्रं येतात, त्यात हँडलचं पान उघडा. नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, कोणी इंजिन झोन कंट्रोल केबल म्हणतं, कोणी ब्रेक केबल, कोणी इंजिन स्टॉप केबल, कोणी नुसतंच कंट्रोल केबल. चित्रात ती दांडीपासून इंजिनाकडे जाताना दिसली म्हणजे तीच. पार्ट नंबर मिळाला की तो ऑनलाइन शोधा, किंवा होम डेपो, लोज, एस हार्डवेअर किंवा जवळच्या मोअर दुरुस्तीच्या दुकानात नंबर दाखवा. मला १८ डॉलरला मिळाली, साधारण १० ते ३० डॉलरच्या मध्ये बहुतेकांना मिळते. दुसऱ्या कंपनीने बनवलेली पण त्याच पार्ट नंबरला लागू असं स्पष्ट लिहिलेली केबलही चालते, माझी तशीच आहे. आल्यावर जुनीच्या शेजारी जमिनीवर ठेवून बघा, दोन्ही टोकांचे हुक, प्लास्टिकचे क्लिप, नळीची लांबी आणि बाहेर आलेल्या तारेची लांबी. पाव इंचाचा फरक दिसला तरी परत पाठवा.

सायकलच्या दुकानातून ब्रेकची तार आणून घालावी का? बाबांनी हेही सुचवलं होतं आणि त्यांचा हात इतका चांगला आहे की त्यांनी बसवलीही असती. पण मोअरच्या केबलचं टोक इंग्रजी झेड अक्षरासारखं वाकवलेल्या कडक तारेचं असतं, सायकलच्या तारेला ते नसतं, मग स्क्रूने आवळायचा छोटा क्लॅम्प लावावा लागतो, आणि तो क्लॅम्प लिव्हरच्या पत्र्यात अडकला तर पॅड सुटलेल्या जागीच अडकून बसतो. म्हणजे स्प्रिंगने खेचलं तरी ब्रेक लागणार नाही. १८ डॉलरसाठी हे कशाला करायचं.

आता बसवायचं. अर्धा-पाऊण तास धरा, पहिल्यांदा करताय तर तासभर. लागतं काय तर फुली स्क्रू ड्रायव्हर, लांब चोचीची पक्कड, कटर, तीन-चार झिप टाय, हातमोजे, चष्मा, आणि इंजिनाचं झाकण काढावं लागलंच तर १० एमएम आणि ३/८ इंची सॉकेट, कारण मोअर कुठला आहे त्यावर बोल्ट कुठले ते ठरतं. इंजिन पूर्ण गार पाहिजे, सायलेन्सरची जाळी हाताच्या अगदी जवळ असते. प्लगची टोपी काढलेलीच आहे. मोअर सपाट जागी उभाच ठेवा, या कामाला तो आडवा करायची गरज सहसा पडत नाही, आणि कधी करावा लागलाच तर एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असा करा म्हणजे ऑइल फिल्टरमध्ये जाणार नाही.

जुनी केबल काढायच्या आधी फोटो काढा. भरपूर काढा, वरचं टोक, हँडलवर कुठे कुठे बांधलीये, इंजिनाजवळ कशाच्या मागून आणि कशाच्या पुढून जाते, खालचं टोक दोन बाजूंनी. नवीन केबल हातात धरून उभं राहिल्यावर ही दोरीच्या आतून जात होती की बाहेरून, हे कोणालाच आठवत नाही. मग हँडलवरचे जुने टाय कापा. वरचं टोक सोडवायला दांडीचा एक पाय हँडलच्या भोकातून बाहेर काढावा लागतो, दांडी लवचीक असते, जरा बाहेरच्या बाजूला ओढली की निघते, आणि मग झेडचं टोक फिरवून भोकातून काढायचं. काही मोअरवर टोकाला प्लास्टिकचा गट्टू असतो तो नुसता खाचेतून सरकवायचा.

खालचं टोक हे नाजूक काम. तिथे दोन गोष्टी असतात, बाहेरची नळी एका पत्र्याच्या कंसात अडकवलेली असते, आणि आतली तार लिव्हरच्या भोकात. नळी कधी प्लास्टिकच्या दातांनी बसवलेली असते, ते दात चोचीच्या पक्कडीने दाबून मागे ढकलायचे, कधी एका छोट्या स्क्रूच्या पट्टीने आवळलेली असते. ती सुटली की केबल ढिली होते आणि मग तारेचं झेड टोक थोडं फिरवून भोकातून बाहेर येतं. जोर लावून ओढायचं नाही, कोन जुळला की ते आपोआप निघतं. तार तुटून टोकाचा तुकडा तिथेच भोकात राहिला असेल तर तोही काढा, नाहीतर नवीन तार बसणार नाही. ब्रेकची स्प्रिंग मात्र काढू नका, ती या केबलच्या कामात कुठेच येत नाही, आणि बोटावर आपटली तर चांगलंच लागतं.

बऱ्याच इंजिनांवर हे सगळं बाहेरून दिसतं. काहींवर वरचं प्लास्टिकचं आणि खालचं पत्र्याचं झाकण काढल्याशिवाय हात जात नाही, तीन-चार बोल्ट असतात, दोरीची यंत्रणा झाकणासकट उचलून बाजूला ठेवायची. बोल्ट स्टीलच्या वाटीत टाका, आणि लांबी वेगवेगळी असेल तर कुठला कुठे होता तेही फोटोत घ्या. झाकण उघडलंच आहे तर ब्रेक पॅडकडे एक नजर टाका. पॅड झिजून पत्र्याच्या जवळ आला असेल किंवा तेलकट झाला असेल तर केबलबरोबर तोही बदलायला हवा. आत उंदराने घरटं केलेलं असेल, गवत आणि कापूस, तर तेही साफ करून टाका, हिवाळ्यात गॅरेजमध्ये हे हमखास होतं आणि त्याने इंजिन तापतं.

नवीन केबल खालून वर बसवत जा. आधी झेडचं टोक लिव्हरच्या भोकात, जुनं ज्या बाजूने होतं त्याच बाजूने, मग नळी कंसात, दात बसल्याचा टक्क आवाज येतो, तो आला का बघा आणि नळीला हलका झटका देऊन बघा. मग फोटो बघत बघत केबल वर न्या. तीव्र वळण नको, सायलेन्सरला कुठेही टेकायला नको, दोरीच्या वाटेत नको. दांडीला वरचं टोक अडकवा आणि दांडीचा पाय परत भोकात घाला. टाय शेवटी लावायचे, आणि त्याआधी हँडल एकदा पूर्ण दुमडून आणि परत उघडून बघायचं, केबल कुठल्या सांध्यात चिमटली जात नाही ना ते. माझी जुनी केबल नेमकी तिथेच कमजोर झाली होती, दर वेळी हँडल दुमडताना ती नटाखाली चेपली जायची. टाय घट्ट आवळू नका, नळी आत दबली की तार घासते.

यानंतरची चाचणी सोडून गवत कापायला सुरुवात करू नका, एवढं माझं ऐका. प्लगची टोपी अजून बाहेरच आहे. दांडी न दाबता दोरी ओढा, जड यायला पाहिजे, म्हणजे ब्रेक लागलाय. दांडी दाबून ओढा, सहज यायला पाहिजे. दांडी हळूहळू सोडा, लिव्हर पूर्ण मागे जायला पाहिजे, आणि दांडी सोडलेली असताना केबलमध्ये किंचित ढिलेपणा जाणवायला पाहिजे. तारेसारखी ताणलेली असेल तर केबल आखूड आहे, पॅड पूर्ण बसत नाहीये. हे सगळं जमलं तरच टोपी परत प्लगवर बसवा.

मग मोअर खडी नसलेल्या सपाट जागी न्या, पोरांना आणि कुत्र्याला घरात पाठवा, सुरू करा, मिनिटभर चालू द्या आणि दांडी सोडा. फोनवर व्हिडिओ काढायला कोणाला तरी लांब उभं करा, नंतर सेकंद मोजता येतात. आवाज थांबेपर्यंत ३ सेकंदांपेक्षा जास्त लागता कामा नये. पाच-सहा वेळा करा, एकदा बरोबर आलं म्हणजे झालं असं नाही. पातं थांबलं का ते बघायला वाकून हात किंवा पाय खाली घालायचा नाही. वेळ जास्त लागला तर तो मोअर तेवढ्यापुरता बंद, पॅड, स्प्रिंग किंवा केबलची लांबी, या तिघांपैकी काहीतरी चुकतंय, आणि ते सापडत नसेल तर दुकानात न्या. दुकानात न्यायचं तर एक लक्षात ठेवा, मे-जूनमध्ये त्यांच्याकडे इतकी गर्दी असते की मला एकदा तीन आठवडे थांबावं लागलं होतं, तेवढ्यात गवत गुडघ्याला येतं आणि सोसायटीची नोटीस पण, त्यामुळे शेजाऱ्याकडून मोअर मागून आणणं किंवा कोणाला पैसे देऊन एकदा कापून घेणं परवडतं.

केबल तुटण्यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे ती म्हणजे केबल अडकणं. नळीत पाणी जाऊन तार गंजते आणि दांडी सोडली तरी तार परत सरकत नाही, इंजिन चालूच राहतं. असं झालं तर घाबरून स्पार्क प्लगची टोपी चालू इंजिनावर हाताने ओढायला जाऊ नका, जोरदार झटका बसतो. आधी दांडी हाताने बाहेरच्या बाजूला ढकला, बऱ्याचदा तेवढ्याने तार सुटते. रेसचा लिव्हर असेल आणि त्यावर स्टॉप असेल तर तिथे न्या. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपलं की इंजिन थांबतं. यातलं काहीच नसेल तर सपाट जागी सोडून द्या, सगळ्यांना लांब ठेवा आणि पेट्रोल संपेपर्यंत थांबा, टाकी लहान असते. आणि त्यानंतर त्या केबलला तेल पाजून एक सीझन अजून काढू म्हणू नका. तेलाने ती दोन दिवस मोकळी होते, मग त्याच तेलावर गवताची धूळ बसून आणखी चिकट होते. गंजलेली केबल म्हणजे गेलेली केबल.

टिकवायची असेल तर मोअर पावसात ठेवू नका, पाण्याच्या नळीने धुताना हँडलवर आणि इंजिनावर फवारा मारू नका. महिन्यातून एकदा दांडीजवळचं झेडचं टोक बघत जा, तिथे तार रोज त्याच जागी वाकते आणि तुटायच्या आधी एक-दोन धागे उसवलेले दिसतात. तेवढं दिसलं की त्याच दिवशी नवीन मागवा. मी आता एक जास्तीची केबल गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीये, तिच्या पिशवीवर मोअरचा मॉडेल नंबर आणि पार्ट नंबर मार्करने लिहून, कारण डेकवरचं ते स्टिकर या वर्षी पूर्ण पुसून गेलंय.